वेर्देहो वाइन

वेर्देहो वाइन : स्पेनमधील द्वेरो नदीच्या खोऱ्यातील रुएदा परिसरात वेर्देहो जातीच्या द्राक्षांपासून तयार होणारी पांढरी वाइन. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुळांवर जगणाऱ्या फायलोक्सेरा या अमेरिकन किडीने येथील बहुतेक द्राक्षमळे नष्ट केले. पुनर्लागवडीत अधिक उत्पन्न देणाऱ्या पालोमिनो जातीला प्राधान्य मिळाल्याने वेर्देहो मागे पडली. तथापि सेगोव्हिया प्रांतातील रेताड जमिनीत किडीचा प्रसार न झाल्याने कलम न केलेले काही जुने वेल तगले. पूर्वी येथे शेरीसारखी, हवेच्या संपर्कात मुरविलेली वाइन होत असे. १९७० नंतर नियंत्रित तापमानात रस आंबवून ताजी, सुगंधी वाइन तयार होऊ लागली व वेर्देहोला पुन्हा महत्त्व आले. १९८० मध्ये रुएदाच्या वाइनला अधिकृत उत्पत्तिस्थानाचा दर्जा मिळाला. जुन्या वेलींचे उत्पन्न अल्प असते; परंतु त्यांच्यापासून दाट चवीची, किंचित कडवट वाइन मिळते.