तंबाखूच्या दप्तराची हकीकत

इतिहासाच्या वाचकाला 'दप्तर' हा शब्द परका नाही. राज्य लयाला जाते, कारभारी बदलतात, पण मागे राहिलेले दप्तर पुढच्या पिढ्यांपुढे त्या कारभाराची साक्ष देत राहते. विसाव्या शतकात मात्र माणसांच्या जीवनमरणाशी निगडित असे कितीतरी निर्णय राजदरबाराबाहेर, मोठ्या कंपन्यांच्या बंद दालनांत होऊ लागले. त्यांची दप्तरे खाजगी मालमत्ता ठरली. राजघराणे संपते तशी कंपनी सहसा संपत नाही, आणि म्हणून तिचे दप्तरही सहजी कोणाच्या हाती लागत नाही. या नियमाला जो सर्वांत मोठा अपवाद घडला, तो अमेरिकेतील सिगारेट-कंपन्यांचा. त्यांचे कोट्यवधी पानांचे अंतर्गत दप्तर आज सान फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयात सर्वांना खुले आहे. ते तेथे कसे पोहोचले, ही हकीकत आपणही जाणून घेण्याजोगी आहे.

आरंभ १९५० पासून करावा लागतो. त्या वर्षी अमेरिकेत विंडर व ग्रॅहम यांनी, तर इंग्लंडात रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारे अभ्यास प्रसिद्ध केले. १९५३ च्या अखेरीस विंडर यांच्याच एका प्रयोगाची वार्ता पसरली: सिगारेटच्या धुरातील डांबर उंदरांच्या कातडीवर लावले असता तेथे कर्करोगाच्या गाठी आल्या होत्या. त्या डिसेंबरात प्रमुख कंपन्यांचे अध्यक्ष न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एकत्र जमले आणि जॉन हिल या प्रसिद्धी-सल्लागाराचे साहाय्य घेण्याचे ठरले. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक वृत्तपत्रांत कंपन्यांचे एक संयुक्त निवेदन झळकले. लोकांचे आरोग्य आम्ही इतर सर्व विचारांहून श्रेष्ठ मानतो, आमचा माल अपायकारक आहे असे आम्हांस वाटत नाही, तरीही संशोधनास आम्ही साहाय्य करू, असा त्याचा आशय होता.

पुढील चाळीस वर्षे कंपन्यांची जाहीर भूमिका हीच राहिली. संबंध 'सिद्ध' झालेला नाही. अधिक संशोधन हवे. या काळात खटलेही झाले, पण वादी बहुधा एकटादुकटा रोगी किंवा त्याचे कुटुंब असे. कंपनीला धोका ठाऊक होता हे सिद्ध करावयाचे, तर कंपनीच्या घरातला कागद हवा. आणि तोच मिळत नसे. १४ एप्रिल १९९४ रोजी सात कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे शपथेवर उभे राहिले आणि निकोटिनचे व्यसन लागते असे आपणांस वाटत नाही, असे प्रत्येकाने सांगितले.

त्यानंतर महिनाही लोटला नव्हता. १२ मे १९९४ रोजी सान फ्रान्सिस्को येथील प्राध्यापक स्टँटन ग्लांट्झ यांच्या कचेरीत एक खोके आले. प्रेषकाच्या जागी 'मिस्टर बट्स' एवढेच लिहिले होते. हे सिगारेटच्या थोटकावरून बेतलेल्या, एका व्यंगचित्रमालिकेतील पात्राचे नाव. खोक्यात ब्राऊन अँड विल्यमसन या कंपनीचे सुमारे चार हजार पानांचे अंतर्गत कागद होते. या कागदांचा उगम केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात होता. तेथे कंपनीच्या वकिलांकडे कागदांची वर्गवारी करण्यास नेमलेला मेरिल विल्यम्स नावाचा मदतनीस १९८८ पासून त्यांच्या प्रती गुपचूप बाहेर काढीत होता.

त्या पानांत काय होते? १७ जुलै १९६३ च्या एका टिपणात कंपनीचे मुख्य विधिसल्लागार ॲडिसन येमन यांनी स्पष्ट नमूद केले होते की निकोटिन व्यसन लावणारे आहे आणि आपला धंदा व्यसन लावणारे हे द्रव्य विकण्याचा आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानावरील प्रसिद्ध अहवाल येण्यास तेव्हा सहा महिने अवकाश होता. १९६९ च्या दुसऱ्या एका टिपणात तर 'संशय हाच आपला माल' असा उघड कबुलीजबाब आहे. लोकांच्या मनात ठसलेल्या वस्तुस्थितीशी झुंजण्याचे ते उत्तम साधन, अशी त्यामागची मसलत. १९८५ मध्ये कंपनीच्या एका वकिलाने शास्त्रीय अभ्यासांचे काही कागद 'वाळके लाकूड' ठरवून दप्तरातून काढावेत आणि देशाबाहेर पाठवावेत, असे सुचविले होते. कागद कोठे ठेवावा याचीच चिंता कागदावर उतरावी, यावरून त्याचे मोल मालकांना किती कळले होते ते दिसते.

ग्लांट्झ यांनी हे कागद विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे सोपविले. येथून पुढचा काही काळ या हकीकतीचे नायकत्व ग्रंथालयाकडे जाते. कंपनीने नेमलेले गुप्तहेर वाचनालयात येऊन पाळत ठेवू लागले. हे कागद चोरीचे आहेत, ते परत करा आणि आजवर कोणी कोणी वाचले तेही सांगा, अशी मागणी झाली. वाचकाने काय वाचले हे तिसऱ्यास न सांगणे हा ग्रंथपालाचा धर्म. विद्यापीठाने दोन्ही मागण्या नाकारल्या. फेब्रुवारी १९९५ मध्ये कंपनी न्यायालयात गेली. मे महिन्यात तेथे ती हरली, जूनच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला, आणि १ जुलै १९९५ रोजी विद्यापीठाने ती पाने इंटरनेटवर ठेवली. त्याच महिन्यात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने या कागदांवर आधारलेले लेख एकाच अंकात छापले. त्यानंतर ते परत मागण्यात अर्थ उरला नाही.

पण चार हजार पाने म्हणजे एका माणसाने घाईघाईने, आपल्या दृष्टीला महत्त्वाची वाटली ती उचललेली पाने. निवडक कागदांवरून काढलेला निष्कर्ष किती पक्का, ही शंका इतिहासकाराने घ्यावयासच हवी. बडोदे संस्थानाच्या सेवेत उमेद घालविलेल्या गो. स. सरदेसाई यांनी पुढे १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सिद्ध केले. ते थोर कार्य होय. तरीही निवडीबाहेर राहिलेल्या रुमालांकडे अभ्यासकाची दृष्टी जातेच. तंबाखूच्या बाबतीत हे उरलेले रुमाल उघडण्याचे काम मिनेसोटा राज्याने केले.

ऑगस्ट १९९४ मध्ये या राज्याचे ॲटर्नी जनरल ह्यूबर्ट हम्फ्री तिसरे यांनी, ब्लू क्रॉस या आरोग्यविमा संस्थेसह, कंपन्यांवर दावा लावला. धूम्रपानजन्य रोगांवर सरकारी तिजोरीतून झालेला खर्च भरून द्या, ही मागणी. अमेरिकी कायद्यानुसार दाव्यातील एक पक्ष दुसऱ्याकडून संबंधित कागद मागू शकतो. इतर राज्यांचे लक्ष भरपाईवर असताना मिनेसोटाने या अधिकाराचा कसोशीने पाठपुरावा केला. कंपन्यांनी मग उलटा मार्ग धरला. कागद इतके दिले की त्यांत हवा तो सापडूच नये. तेव्हा न्यायाधीश केनेथ फिट्झपॅट्रिक यांनी, तुमच्या वकिलांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या सूच्याही द्या, असा आदेश दिला. मौल्यवान दप्तराच्या किल्ल्याच जणू हाती आल्या. वकील व अशील यांच्यातील गोपनीयतेच्या आडोशाने झाकलेले हजारो कागदही न्यायालयाने मोकळे केले. सुमारे साडेतीन कोटी पाने या एका दाव्यात बाहेर आली.

८ मे १९९८ रोजी, निवाड्यासाठी प्रकरण ज्यूरीकडे जाण्याच्या सुमारास, तडजोड झाली. कंपन्यांनी सहा अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले. वर्तमानपत्रांचे मथळे त्या रकमेचे होते. आज पंचवीसहून अधिक वर्षांनी पाहता त्या करारातील दुसरे कलम अधिक टिकाऊ ठरलेले दिसते. मिनियापोलिस शहरात आणि ब्रिटिश अमेरिकन टोबॅको कंपनीच्या कागदांसाठी इंग्लंडातील गिल्डफर्ड येथे कोठारे उघडून हे दप्तर जनतेस खुले ठेवावे, असे ते कलम होते. नोव्हेंबर १९९८ मध्ये सेहेचाळीस राज्यांशी झालेल्या महातडजोडीतही कागद इंटरनेटवर उपलब्ध ठेवण्याची अट आली. जानेवारी २००२ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या ग्रंथालयाने हे सर्व कागद एकत्र शोधता येतील असा संग्रह सुरू केला. त्यात आज एक कोटी चाळीस लाखांहून अधिक दस्तऐवज आहेत.

या दप्तराचे परिणाम केवळ अभ्यासिकेपुरते राहिले नाहीत. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या समितीने याच कागदांच्या आधारे, कंपन्यांनी त्या संघटनेच्याच कार्यात कसा शिरकाव केला होता, ते दाखवून दिले. २००३ मध्ये मान्य झालेल्या तंबाखू-नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारात, आरोग्यधोरणाला तंबाखू-उद्योगाच्या हितसंबंधांपासून वाचवावे, असे स्वतंत्र कलम आहे. भारताने हा करार २००४ मध्ये स्वीकारला. १७ ऑगस्ट २००६ रोजी न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी सोळाशेहून अधिक पानांच्या निकालपत्रात, कंपन्यांनी दशकानुदशके जनतेची फसवणूक केली, असा निर्णय दिला. त्या निर्णयाच्या पानापानावर कंपन्यांच्याच कागदांचे हवाले आहेत.

अर्थात, अशा दप्तराच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. वरिष्ठांना खूष करण्यासाठी लिहिलेल्या टिपणात फुशारकी असते. जे तोंडी बोलले गेले ते कागदावर येत नाही. आणि 'वाळके लाकूड' ठरून काय काय गेले ते कसे कळावे? याहून मोठी मर्यादा अशी की, जेथे कायद्याने कागद ओढून काढले तेवढ्याच उद्योगाचा इतिहास या दप्तरात उजळतो. आपल्याकडील स्थिती पाहा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत सिगारेट ओढणारे अवघे ४ टक्के, विडी ओढणारे ७.७ टक्के, आणि खाण्याच्या, मळण्याच्या वा तत्सम धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे २१.४ टक्के होते. बेळगाव भागातील वाचकांना निपाणीच्या तंबाखूविषयी आणि दिवसभर विड्या वळणाऱ्या तेथील स्त्रियांविषयी वेगळे सांगावयास नको. त्या धंद्याचे असे दप्तर कोठेही खुले नाही. तेथे कोणाला काय आणि केव्हा ठाऊक होते, हे सांगणारा कागद उद्याच्या इतिहासकाराने कोठे शोधावा?

तडजोडीत कागद मागितले नाहीत तर काय होते, याचे उदाहरण तर इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांच्या शेजारीच घडले. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. कंपनीचे अंतर्गत दप्तर जनतेसाठी खुले करण्याची अट तिच्यात नव्हती. भरपाईचा दिवाणी दावा तेथेच मिटला, आणि साक्षीपुराव्यांनी दप्तर उलगडण्याची वेळ आलीच नाही. पुढे १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दाखल झालेल्या निराळ्या दाव्याच्या ओघात कंपनीचे काही जुने कागद उजेडात आले, तेही वादींनी चिकाटीने मिळविले म्हणून. भरपाईची रक्कम अपुरी होती की नाही यावर आजवर पुष्कळ वाद झाला आहे. कागद मागितले गेले नाहीत, या उणिवेची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली.

अमेरिकेने मात्र मिनेसोटाचा धडा गिरविला. वेदनाशामक अफूजन्य औषधांच्या अतिवापराने तेथे जी जीवितहानी झाली, तिच्याविषयीच्या खटल्यांत आणि तडजोडींत कागद खुले करण्याच्या अटी घालण्यात आल्या. मार्च २०२१ मध्ये सान फ्रान्सिस्कोचे तेच विद्यापीठ आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी त्या कागदांचा संग्रह जनतेपुढे ठेवला. औषधे, रसायने, अन्नपदार्थ या उद्योगांचे संग्रहही तेथे शेजारी उभे राहिले आहेत.

दंडाची रक्कम एकदा वाटली की संपते, आणि ज्याचे माणूस गेले त्याला ती कधीच पुरी पडत नाही. आपल्या माणसाला हा धोका कोणी सांगितला का नाही, ज्यांना तो ठाऊक होता ते गप्प का बसले, हे प्रश्न त्या घरात पैसे मिळाल्यावरही उरतात. त्यांचे उत्तर कागदातच असते. म्हणून यापुढे आपल्या देशात जेव्हा एखादा कारखाना, एखादे औषध वा एखादा खाद्यपदार्थ लोकांच्या जिवावर उठल्याचे सिद्ध होईल आणि तडजोडीची बोलणी सुरू होतील, तेव्हा भरपाईच्या आकड्याबरोबरच दप्तराचीही मागणी व्हावी, आणि ते दप्तर सांभाळण्यास कणा ताठ असलेले एखादे ग्रंथालय पुढे यावे.