कास्तकाराला कोणी विचारले आणि कशासाठी?

वर्धा जिल्हा म्हटला की सेवाग्राम आणि पवनार यांचे स्मरण प्रथम होते, आणि ते योग्यच आहे. परंतु १८६२ साली हा जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा सरकारचे लक्ष येथील कापसावर होते. अमेरिकेत १८६१ पासून यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस तुटला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ मध्ये आगगाडी वर्ध्यावरून नागपुरास पोहोचली. त्याच सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाड यांसाठी रिव्हेट-कार्नाक नावाचे कापूस-कमिशनर काम पाहू लागले. पेरा किती, धागा कसा, माल कोणत्या बाजारातून कोठे जातो, याची त्यांनी कसून नोंद केली. आपल्या भागातील बाजाराचे पद्धतशीर संशोधन म्हणता येईल असे हे आरंभीचे काम होय.

त्या कामातील मेहनतीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न मात्र गिरणीचे होते. हिंगणघाटचा 'बनी' कापूस लांब आणि तलम धाग्याबद्दल नावाजलेला. तो वाढावा अशी सरकारची इच्छा. कास्तकाराचा हिशेब निराळा होता. बनीच्या कापसातून रुई कमी निघे, आणि धाग्याच्या गुणाबद्दल गिरणीवाला जे अधिक मोजी ते बंडी हाकणाऱ्याच्या हाती पुरेसे पडत नसे. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी तो आखूड धाग्याच्या, पण रुई अधिक देणाऱ्या वाणाकडे वळला. याला अज्ञान म्हणणे सोपे होते. 'तुझ्या पदरी काय पडते?' एवढे त्याला आधी विचारले असते, तर उत्तर तेव्हाच मिळाले असते.

हा प्रश्न विचारला जावयास बराच काळ लागला. १८९७ मध्ये शेजारच्या वऱ्हाडात कापूस-बाजाराचा कायदा झाला, पण बाजार-समित्यांत प्राबल्य राहिले ते व्यापाऱ्यांचे. १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि १९२३ च्या कायद्याने तिच्या खर्चासाठी कापसावर उपकर बसला. या समितीने १९२५ ते १९२८ या काळात देशाच्या निरनिराळ्या कापूस-भागांत आठ चौकश्या करविल्या. कास्तकार कर्ज कोणाकडून काढतो, माल गावातच विकतो की बाजारात नेतो, हे आता अधिकृतपणे विचारले गेले. १९२८ मध्ये शाही शेतकी आयोगाने नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला आणि १९३२ मध्ये मध्यप्रांतातही कापूस-बाजाराचा कायदा आला. अडत, तोलाई, कडता या शब्दांमागे किती पैसा दडलेला असतो, हे ज्याने गाडी बाजारात उभी केली आहे त्याला सांगावे लागत नाही. चौकशीमुळे ते कागदावर आले, आणि कागदावर आलेल्या गोष्टीसाठी कायदा मागता येतो.

यापुढचे पाऊल वर्ध्याच्या मगनवाडीतून पडले. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांनी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मातर तालुक्याची पाहणी पूर्वीच केली होती. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष झाले. ६०६ गावांच्या पाहणीवर आधारलेला तिचा अहवाल १९३९ मध्ये निघाला. गावातून कच्चा माल जातो तेव्हा त्याबरोबर काम आणि मजुरी किती जाते, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. येथे गिरणीच्या जागी गाव आले. तरीही एक उणीव राहिली. अहवाल इंग्रजीत होता; ज्या गावांनी उत्तरे दिली, त्यांतील कितीजण तो वाचू शकले असते? त्याच वर्षी प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि शिफारशी अंमलात आणणारे हातच उरले नाहीत.

हा प्रश्न जुना झाला आहे, असे कोणी समजू नये. १९६५ मध्ये केंद्र सरकारने कृषिमूल्य आयोग नेमला आणि १९७०-७१ पासून पिकांच्या उत्पादनखर्चाची सलग पाहणी चालू झाली. निवडलेल्या शेतकऱ्याच्या घरचा खर्च त्यात नोंदला जातो. घरच्या माणसांची मजुरी धरावी, हे मान्य आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरावे की नाही, यावर मात्र वाद आहे. २०१८ मध्ये दीडपट हमीभावाची घोषणा झाली, तेव्हा तो दीडपट हे दोन्ही सोडून धरला गेला. आकडे शेतकऱ्याचे, पण त्यांतले कोणते मोजावयाचे हे ठरविताना त्याचा शब्द किती चालतो? खरा तंटा येथे आहे.

दीडशे वर्षांच्या या इतिहासातून आम्हांस एक साधी कसोटी सापडते. प्रश्न ठरविताना कास्तकार बसला होता काय? त्याला जो खर्च वाटतो तो खर्च धरला काय? आणि निष्कर्ष त्याच्या भाषेत त्याच्या गावी परत गेला काय? पाहणीचे तक्ते घेऊन खेड्यात जाणारी मुले बहुधा आपल्या शहरातल्या घरांतलीच असतात. त्यांना निरोप देताना एवढे अवश्य सांगावे की, उत्तर देणाऱ्याने आपल्या दिवसाची मजुरी खर्ची घातली आहे. तिची परतफेड त्याला निष्कर्ष दाखविल्याशिवाय होत नाही.