दगडावरची चूक

माझे बालपण नागावच्या नारळी-पोफळीच्या वाडीत गेले. आजी आगरी बोलायची. तिच्या तोंडी ‘पाणी’चे ‘पानी’ होई आणि ‘डोळा’चा ‘डोला’. मीही शाळेच्या वहीत तसेच लिहिले आणि लाल शाईच्या रेघा घेऊन घरी आलो. पुढे चारचौघांत आजी बोलू लागली की मला लाज वाटे. जिचे बोलणे अशुद्ध, तिचा विचारही कच्चाच असणार, असे मी मनाशी ठरवून टाकले होते!

ही समजूत घालवली एका दगडाने. नागावच्या उत्तरेला लागूनच अक्षी. तेथला शिलालेख मराठीतल्या आद्य लेखांपैकी एक. शिलाहार राजा केशिदेव याचा महाप्रधान भइर्जु सेणुई याने महालक्ष्मीच्या नावे नऊ कुवली धान्य दिल्याची त्यात नोंद आहे. त्यावरचा शक ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचतात. केशिदेव नावाचे दोन राजे झाल्यामुळे काही अभ्यासक लेख सुमारे दोनशे वर्षे अलीकडचा मानतात. तरीही १२९० च्या ज्ञानेश्वरीहून तो जुनाच ठरतो.

आता गंमत पाहा. कोरणाऱ्याने ‘पश्चिम’चे ‘पसीम’ केले आहे, ‘श्री’चे ‘स्री’ आणि ‘महालक्ष्मीची’चे ‘महालषीची’. आमच्या गुरुजींनी या दगडावर किती रेघा ओढल्या असत्या! पण याच चुकांतून त्या काळचा कान आपल्याला सापडतो. हाताला संस्कृत थाट हवा होता. मनात मात्र गावचा उच्चार घोळत होता.

आणि ती ‘ची’! संस्कृतातली षष्ठी मालक कोण एवढेच सांगते. मराठीला मालकीच्या वस्तूचे लिंगही पाहावे लागते: देवीचा दिवा, देवीची ओटी, देवीचे धान्य. याने विचार थोर होतो किंवा खुजा होतो असे नव्हे. पण लक्ष कुठे वळावे, हे भाषा ठरवते. शब्दावाचून ज्ञान नाही, असे आपला भर्तृहरी मानत असे. रोमान याकोबसन यांनी १९५९ साली सावधपणे मांडले, की भाषांचा भेद काय सांगता येते यात नसून, काय सांगितल्यावाचून सुटका नाही यात असतो.

मग मला आजी आठवली. शहरात राहून माझ्यापाशी ‘भरती’ हा एकच शब्द उरला होता. तिच्यापाशी अमावास्या-पौर्णिमेचे उधाण वेगळे आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग वेगळा. समुद्राकडे न पाहताच ती पाणी कुठवर येईल ते सांगे. कच्चा विचार कोणाचा होता?

हे तिला सांगायचे राहूनच गेले. परवा माझ्या नातीने वहीत ‘पानी’ लिहिले. मी तिला प्रमाण शब्द शिकवला, आणि संध्याकाळी हात धरून अक्षीचा दगड दाखवायला नेले.