सामाईक बांध : नगर जिल्ह्यातील शेतमोजणी व संगणकावरील आकृतिभरण

संगणकाच्या पडद्यावर बहुकोनाकृती रंगाने भरावयाची झाल्यास तिच्या कडेवरील बिंदू आत धरावयाचे की बाहेर, हा प्रश्न प्रथमच उपस्थित होतो. तो संगणकाने निर्माण केलेला नव्हे. नगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या शेतमोजणीतही तो वेगळ्या वेषात आढळतो.

1835-36 मध्ये शेजारच्या पुणे जिल्ह्यातील इंदापूर येथे गोल्डस्मिड व विंगेट यांनी आरंभिलेली पाहणी पुढे नगर जिल्ह्यातही आली. 1847 च्या संयुक्त अहवालाने तिच्या नियमांस निश्चित रूप दिले. शेत मोजण्याची मुख्य साधने दोनच : शंकू आणि साखळी. साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16; एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा व 40 गुंठ्यांचा एकर. वाकड्यातिकड्या शेतातून एक आधाररेषा काढावयाची, प्रत्येक कोपऱ्यापासून तीवर लंब घ्यावयाचा, म्हणजे शेत काटकोन त्रिकोण व समलंब चौकोन यांत विभागले जाते. मापे टिपणात उतरत, क्षेत्राचे गणित गुणाकार बुकात होई. पाया 20 व उंची 8 साखळ्या असलेला त्रिकोण 80 गुंठे, म्हणजे 2 एकर भरतो. प्रवरेच्या वळणांवरील शेतांत मात्र लंब जितके अधिक, तितकेच क्षेत्र खरे.

1967 मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठात वायली, रॉम्नी, इव्हान्स व अर्डाल यांनी छायाचित्रासारखी आकृती संगणकाकडून काढविली, तीही ओळीमागून ओळ छेदूनच. आडवी ओळ आकृतीच्या कडांना जेथे छेदते, त्या छेदांच्या जोड्यांमधील बिंदू भरले जातात. आधाररेषेवरील लंबांचे हे दूरचे नातेवाईकच म्हणावयाचे.

खरी अडचण सामाईक कडेची. टिपणातील हद्द ही रेषा, तर जमिनीवरील बांध हा पट्टा. 660 फूट लांब व 3 फूट रुंद बांध 1,980 चौरस फूट, म्हणजे पावणेदोन गुंठ्यांहून अधिक होतो. तो दोन्ही शेतांत धरला तर नसलेल्या जमिनीवर आकार बसतो. दोहोंतूनही वगळला तर गावाच्या क्षेत्राशी बेरीज जुळत नाही. संगणकाने यावर सोपा संकेत योजिला : डावी व वरची कड आत, उजवी व खालची बाहेर. त्यामुळे प्रत्येक बिंदू एकदाच मोजला जातो. बिंदूला मालक नसल्याने हा संकेत तेथे निर्वेध चालतो. बांधाला मालक असतो, आणि कित्येकदा दोन. जुने नकाशे संगणकात उतरविताना म्हणूनच सामाईक हद्द एकदाच नोंदवून दोन्ही भूमापन क्रमांक तिलाच जोडावे लागतात; ती दोनदा रेखाटल्यास मधे बारीक फट किंवा आच्छादन उरते.