आजीनं कधी पेन्सिलच धरली नसेल तर?

'एकमेकांत थोडे अडकलेले दोन पंचकोन आहेत, ते बघून तसेच काढा.' स्मृतिभ्रंशाची शंका असलेल्या माणसांना गेली पन्नास वर्षं हे सांगितलं जातंय. चाचणीचं नाव मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन, थोडक्यात एमएमएसई. मार्शल फोलस्टीन, सुझान फोलस्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी ती १९७५ साली प्रसिद्ध केली. एकूण गुण ३०, वेळ पाच-दहा मिनिटं, सामान म्हणजे कागद आणि पेन्सिल. गर्दीच्या वॉर्डात डॉक्टरला आणखी काय हवं? ही निदान करणारी चाचणी नव्हेच. कुणाला पुढे नीट तपासायचं हे ठरवणारी ती एक चाळणी. गुण २४ च्या खाली गेले की शंका घ्यायची, असा रिवाज पडला.

आता या चाळणीची भोकं बघा. आजची तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करा, लिहिलंय ते वाचून तसं करा, एक वाक्य लिहा. शाळेत गेलेल्याला यात काही वावगं दिसत नाही, आणि चाचण्या बनवणारे सगळे शाळेत गेलेलेच असतात! १९९३ मध्ये अमेरिकेतल्या १८ हजारांहून जास्त प्रौढांचे गुण शिक्षणानुसार मांडले गेले. नऊ किंवा जास्त वर्षं शिकलेल्यांचा मध्यक २९ निघाला, पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचा २६ आणि चार वर्षांपर्यंत शिकलेल्यांचा २२. म्हणजे शेवटच्या गटातले निदान निम्मे लोक थेट संशयित. (कमी शिकलेले बरेचदा वयानंही मोठे असतात हे खरं, पण एकाच वयाच्या लोकांतही ही दरी उरतेच.)

माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं काम हरियाणातल्या बल्लभगढला झालं. पिट्सबर्गच्या मेरी गांगुली आणि दिल्लीच्या एम्समधले सहकारी तिथल्या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण शोधत होते. पाहणीत ५५ वर्षांवरचे ५,१२६ जण होते आणि त्यातले ७३ टक्के निरक्षर. इथे एमएमएसईचं नुसतं भाषांतर करून भागणार नव्हतं. 'नो इफ्स, अँड्स ऑर बट्स' हे मूळ वाक्य हिंदीत उतरवून काय हाती लागणार? त्याजागी 'न ये, न वो' आलं. 'डोळे मिटा' हे वाचायला देण्याऐवजी तपासणारा म्हणायचा, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा, आणि स्वतः डोळे मिटायचा. वाक्य लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा'. आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. पंचकोन गेले, चौकोनात बसवलेला हिऱ्याचा आकार आला. ही हिंदी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. शिवाय घरच्यांना विचारायची वेगळी प्रश्नावली केली. त्यात, नुकतंच जेवूनही विसरून पुन्हा जेवायला मागतात का, असे प्रश्न होते. हे ओळखायला पेन्सिल लागत नाही.

प्रत्येक प्रश्नामागे त्यांनी एकच गोष्ट तपासली असं मला वाटतं: हा माणूस विसरलाय, की त्याला हे कधी येतच नव्हतं? दोन्हीत गुण शून्यच पडतो.

पुढे कागदाची जागा पडद्यानं घेतली. तसं बघितलं तर पडदा जुनाच आहे. केंब्रिजमध्ये ट्रेव्हर रॉबिन्स, बार्बरा सहाकियन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातच कँटॅब नावाचा चाचणीसंच टचस्क्रीनवर बांधला. पडद्यावरचे डबे एकेक करून उघडतात, काहींत नक्षी दिसते, कुठली नक्षी कुठल्या डब्यात होती ते बोट लावून दाखवायचं. वाचणं नाही, लिहिणं नाही. भाषेची अडचणच मिटली असं वाटावं. मग डिजिटल पेन आलं. एमआयटी आणि लेही क्लिनिकच्या संशोधकांनी घड्याळ काढायची जुनी चाचणी या पेननं घेतली. हे पेन आपली जागा सेकंदाला सुमारे ८० वेळा नोंदवतं, त्यामुळे चित्र बरोबर आलं तरी आकडे मांडताना हात किती वेळ थबकला हे कळतं. लवकरच्या टप्प्यातला आजार पकडायला ही नोंद फार कामाची आहे, त्यात शंका नाही.

पण थबकला म्हणजे विचारात अडला, हे आपण गृहीत धरतोय. आयुष्यभर भाकऱ्या थापलेल्या, खुरपं धरलेल्या हाताला पेन नवं असेल तर तो थबकणारच. मोबाइलचंही तेच. बोट जास्त वेळ दाबलं गेलं की भलतंच उघडतं, आणि ॲपच्या लेखी आजी चुकली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात ६० वर्षांवरच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. इतक्यांपर्यंत डॉक्टर पोचणं अवघड, म्हणून ॲप हवंच. ते चुकीच्या माणसांना बाजूला काढत बसलं तर खऱ्या रुग्णांची रांग आणखी लांबते, आणि धडधाकट बाईच्या हातात घरातले लोक पैसे द्यायचे बंद करतात.

कँटॅबच्या सुरुवातीला एक साधा भाग असतो. पडद्यावर फुली उमटते, तिच्यावर बोट टेकवायचं, बस्स. दोनेक मिनिटांचं काम. स्मरणशक्ती त्यात तपासतच नाहीत. बोट, डोळे आणि पडदा यांचं जमतंय का, एवढंच कळतं. आईचा-आजीचा अशा चाचणीचा अहवाल हाती आला, तर एकूण गुणांच्या आधी हा आकडा विचारा. तो वेगळा दिलेला नसेल, तर त्यांनी याआधी कधी असा पडदा हाताळला होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.