पानशेतचा पूर आणि बुधवार पेठेची ओसरी

व्यापाऱ्याच्या वहीत रकमेच्या आधी तिथी आणि वार लिहिण्याची जुनी रीत आहे. त्या रीतीने नोंद करावयाची तर ती अशी होईल : शके १८८३, ज्येष्ठ अमावास्या, वार बुधवार. मारवाडी पंचांग पाळणाऱ्या घरांत हीच तिथी आषाढ वद अमावास्या म्हणून लिहिली गेली असेल. इंग्रजी तारीख १२ जुलै १९६१. त्या दिवशी पुण्यातील मुठाकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि नदीपासून दूर, किंचित चढावर वसलेल्या पेठांच्या दारात त्यांचे शेजारी अंगावरच्या वस्त्रांनिशी येऊन उभे राहिले. पुराविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्यांच्या घरात पाणी शिरले नाही, परंतु माणसे आली, त्यांच्याविषयी मात्र फारसे लिहिले गेलेले नाही.

घटना थोडक्यात अशी. शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर अंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधले जात होते. काम पूर्ण व्हावयाचे असतानाच त्या पावसाळ्यात पाणी अडविले गेले. पावसाने जोर धरला, पाणी सोडण्याच्या मोरीवरचा भराव खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचून तो भराव धरून ठेवला. धरण फुटले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. जवानांच्या श्रमांमुळे जे काही तास मिळाले, त्यांनी पुण्याला रात्रीऐवजी दिवसाचा पूर दिला. हेच पाणी मध्यरात्री झोपलेल्या शहरावर आले असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. पानशेतचा लोंढा खाली खडकवासल्याला आदळला. १८७९ सालापासून उभे असलेले ते दगडी धरणही त्यापुढे टिकले नाही. त्यानंतर दोन्ही जलाशयांचे पाणी एकत्र शहराकडे निघाले.

लकडी पूल बुडाला, ओंकारेश्वराचे देवालय बुडाले, डेक्कन जिमखान्यावरचे बंगले बुडाले. इंग्रजी अमदानीत मुंबई सरकारचा पावसाळी मुक्काम पुण्यात असे. हवापालटाचे आणि निवृत्तांचे गाव अशी या शहराची ख्याती. आयुष्यभराच्या नोकरीनंतर शांतपणे राहण्यासाठी ज्यांनी नदीपलीकडे घरे बांधली, त्यांना टेकड्यांचा आश्रय घ्यावा लागला. पुलांवरून जाणे बंद झाल्याने शहराचे दोन तुकडे पडले होते. अलीकडच्या काठावरील शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांतील आणि सदाशिव पेठेच्या सखल भागातील माणसे पूर्वेकडे व दक्षिणेकडे सरकली. कोणी पर्वतीची वाट धरली, कोणी नात्यातल्या घराची, आणि ज्यांना नातेवाईक नव्हते ते जिथे दार उघडे दिसले तिथे थांबले.

बुधवार पेठ ही अशा दारांची पेठ होती. मोगली अमलात मोहियाबाद हे नाव मिळालेली आणि पेशवाईत बुधवार झालेली ही वस्ती शहराच्या अगदी मध्यावर आहे. बेलबाग, तांबडी जोगेश्वरी, पासोड्या विठोबा, अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने, लक्ष्मी रस्त्यावरची कापडाची दुकाने, आणि त्यांच्या मागे दाटीने उभे असलेले वाडे. वाड्याची रचनाच मुळी पाहुण्याला सोयीची. दिंडी दरवाजातून आत आले की ओसरी, मग चौक, चौकाभोवती सोपा, वर माडी. घराच्या माजघराला धक्का न लावता पंधरा-वीस माणसे ओसरीवर आणि सोप्यात निजू शकत. शिवाय पेठेला त्याची सवयही होती. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्याहून पुढे गेल्याला त्या वेळी थोडेच दिवस झाले होते. दरवर्षी वारकऱ्यांसाठी निघणाऱ्या जाजमांच्या घड्या आणि मोठी पातेली अजून माळ्यावर चढली नसतील, तोच त्यांची पुन्हा गरज पडली.

परंतु वारकरी दोन मुक्काम करून पुढे जातो. त्याला आपली वाट ठाऊक असते. पूरग्रस्ताला पुढे जाण्यास वाटच नव्हती, आणि हा फरक यजमानांच्या ध्यानात येण्यास काही दिवस जावे लागले.

पहिली अडचण पाण्याची. ज्या पुराने शहर बुडविले, त्यानेच ते तहानेलेही ठेवले, ही त्या आठवड्यातील विलक्षण गोष्ट. पुण्याचे पिण्याचे पाणी खडकवासल्याहून येत असे. धरण फुटल्यावर तलाव रिकामा झाला आणि नळ कोरडे पडले. वीजही गेली होती. अशा वेळी जुने पुणे कामास आले. वाड्यांतील आड, ज्यांवर नळ आल्यापासून फळ्या टाकलेल्या होत्या, ते उघडले गेले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने शहरात आणलेले पाणी पेठांतील हौदांत पडत असे. नव्या पिढीने केवळ कपडे धुण्यापुरते मानलेले ते हौद पुन्हा पेठांचे आधार झाले. दोनशे वर्षांपूर्वीच्या कामाने विसाव्या शतकातील शहराला पाणी पाजावे, यात त्या कारागिरांचे कौतुक आहेच. पण जुने ते अडगळीचे समजून बुजवून टाकण्याची आपली जी घाई असते, तिचीही त्यात थोडी कानउघाडणी आहे. पाणी गाळून आणि उकळून पिण्याचा जो नियम श्रावकांच्या घरी धर्म म्हणून पाळला जातो, तोच त्या दिवसांत आरोग्याचा पहिला नियम ठरला. कॉलऱ्याची साथ पसरू नये म्हणून लस टोचण्याची मोहीम शहरभर निघाली. ज्या घरात रोज दहा माणसांचे पाणी उकळत असे तिथे पन्नासांचे उकळावयाचे, तेही कोळसा आणि रॉकेल मिळण्याची मारामार असताना, हे काम किती जिकिरीचे असेल ते स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या भगिनींनाच ठाऊक.

दुसरी गोष्ट अन्नाची. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची जैन घरांची शिस्त एरवी शेजाऱ्यांना कौतुकाची, क्वचित थट्टेचीही वाटे. वीज नसलेल्या, पावसाने काळवंडलेल्या त्या संध्याकाळी ती शिस्त सर्वांनाच सोयीची होती. कांदा-लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असलेल्या चुलीवर सर्वांसाठी शिजण्याजोगे पदार्थ म्हणजे वरण, भात, खिचडी; आणि चिखलातून आलेल्या माणसाला गरम खिचडीहून अधिक काय हवे असते? चातुर्मास बसण्यास दोन आठवडे अवकाश होता. साधर्मिक वात्सल्य हा शब्द आपण व्याख्यानांत ऐकतो आणि पुष्कळदा त्याचा अर्थ आपल्याच समाजातील बांधवांपुरता घेतो. पण पूर कोणाची जात विचारून आला नव्हता. नदीकाठचा कुंभार, मजूर, भिक्षुक आणि पेन्शनर एकाच दिवशी बेघर झाले होते.

तिसरी गोष्ट वस्त्रांची, आणि ती या पेठेच्या धंद्याशी निगडित आहे. बेघर झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी लागते ते कोरडे वस्त्र. धोतरजोडी, लुगडे, मुलांसाठी मांजरपाटाचा सदरा, अंथरूण-पांघरुणासाठी सोलापुरी चादर. ही मागणी अशी की तिला पुढे ढकलता येत नाही आणि ती करताना मध्यमवर्गीय माणसाची मान खाली जाते. काल जो गिऱ्हाईक म्हणून गादीवर बसून चहा घेत होता, त्याला आज वस्त्र दान म्हणून घेणे जड जाते. जुन्या व्यापाऱ्यांना याची समज होती. उधारीची वही अशा वेळी दानाच्या पेटीपेक्षा अधिक उपयोगी पडते. खात्यावर रक्कम लिहावयाची, तगादा करावयाचा नाही, आणि दिवाळीच्या वहीपूजनाला जुनी वही बंद करताना ती रक्कम पुढील वहीत ओढावयाची नाही. यात घेणाऱ्याची मान राखली जाते. अर्थात सर्वच व्यापारी असे वागले असे म्हणणे सत्याला सोडून होईल. टंचाईत भाव वाढतात आणि ते वाढवणारे हातही असतात. कोणतीही पेठ त्याला अपवाद नसते.

ज्यांची दुकाने आणि गोदामे नदीच्या बाजूला होती त्यांचे हाल निराळेच. पुराचे पाणी ओसरले ते गुडघाभर चिखल मागे ठेवून. पाण्यात भिजलेला तागा उन्हात वाळवून विकता येतो, पण गाळात मुरलेल्या ताग्याचा रंग उतरतो, घडीच्या रेषेवर डाग बसतो आणि दोन दिवसांत बुरशी धरते. धान्याची पोती फुगून फुटली. कागदाचीही तीच गत. सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळाच्या दप्तरखान्यातही पाणी शिरले. जुने कागद हलक्या हाताने सुटे करून वाळविण्याचे काम तिथे करावे लागले. व्यापाऱ्याच्या भिजलेल्या वह्या मात्र कोण वाळविणार? ज्याची येणी वहीत होती, त्याची येणीही नदीनेच वसूल केली.

या सर्व गोंधळात खात्रीची बातमी मिळणे हीही एक गरज होती. कोणाचे माणूस कुठे आहे, कोणता पूल चालू आहे, पुन्हा पाणी येणार काय? पाणी आले, पाणी आले, अशी आवई उठली की माणसे हातातले टाकून पर्वतीकडे धावत. नानासाहेब परुळेकरांच्या ‘सकाळ’चे कार्यालय बुधवार पेठेतच होते, आणि छापील अक्षरावर विश्वास ठेवणाऱ्या पुणेकराला त्या दिवसांत त्याचा मोठा दिलासा असे. लष्कर, पालिका, राष्ट्र सेवा दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांचे लोक एरवी एकमेकांच्या सावलीत उभे राहिले नसते, ते एकाच गल्लीत चिखल उपसत होते.

पहिला आठवडा सर्वांनी निभावला. खरी कसोटी महिन्यानंतर लागली. शाळा, धर्मशाळा, मंगल कार्यालये आणि देवळांचे सभामंडप कायमचे अडवून ठेवता येत नव्हते. मुलांचे वर्ग भरावयाचे होते. वाड्यातील एक आड, दोन शौचकूप आणि चौकातील एक दोरी यांवर दोन संसार फार दिवस सुखाने नांदत नाहीत. यजमानीण थकते, पाहुणी ओशाळते. शिवाय भाडे नियंत्रणाच्या कायद्याचे सावट वाडेमालकांच्या मनावर होते. आज दयेने दिलेली खोली उद्या भाडेकरूच्या हक्काची झाली तर काय, ही शंका अनेकांनी बोलून दाखविली नसेल, पण ती होती. तिला केवळ स्वार्थ म्हणून झिडकारणे योग्य नाही. एका वाड्याच्या उत्पन्नावर चार भावांची कुटुंबे चालत. दया आणि हिशेब यांची अशी ओढाताण प्रत्येक घरात झाली, आणि तरीही कित्येक बिऱ्हाडे पावसाळा संपेपर्यंत ओसरीवर राहिली.

सरकारलाही हे ध्यानात आले होते. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने चौकशी आयोग नेमला. न्यायमूर्ती बावडेकरांच्या निधनानंतर ते काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेले. दोष कोणाचा याचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. पुनर्वसनाचे काम त्या मानाने लवकर हाती घेतले गेले. गोखलेनगरच्या माळावर अर्धगोल छपरांची तात्पुरती घरे उभी राहिली. पर्वतीच्या पायथ्याशी सहकारनगर वसले. पूरग्रस्तांनी सहकारी गृहरचना संस्था स्थापून सरकारी जमिनींवर घरे बांधली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पेठेबाहेर रात्र काढली नव्हती, ते ओसाड माळावर राहावयास गेले. पुण्याची वाढ त्या पुराने एका ढकलीसरशी पेठांबाहेर नेली. पुढे पानशेत धरण नव्याने बांधले गेले आणि त्याच्या जलाशयाला तानाजीसागर हे नाव मिळाले.

गुजरातेतून आलेल्या कुटुंबांना या संदर्भात मोरबी आठवल्यावाचून राहत नाही. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू नदीवरचे धरण फुटले आणि ते सुंदर शहर उद्ध्वस्त झाले. तिथे पुण्यासारखी रात्रभराची उसंत मिळाली नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला, तेव्हा भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणले. ते दोन आठवड्यांचे पाहुणे नव्हते; शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्यांची जबाबदारी घेतली गेली. १९६१ साली ओसऱ्यांवर जे शिकावे लागले, ते या वेळी आरंभीच विचारात घेतले गेले होते असे म्हणता येईल.

पूर मात्र थांबलेले नाहीत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने टांगेवाले कॉलनीसारख्या वस्त्यांत हाहाकार उडविला. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले आणि लष्कराला पुन्हा बोलवावे लागले. नदीपात्राच्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर आखलेल्या असतात. बांधकामे त्या ओलांडून कशी जातात, हे पुणेकरांना सांगावयास नको. दरम्यान बुधवार पेठेतील बहुतेक वाडे पडले. त्यांच्या जागी इमारती आल्या, ओसरी गेली, आड बुजले. एका दाराच्या सदनिकेत पंधरा माणसे निजविता येत नाहीत. आता अशा प्रसंगी हात जोडून उभे राहावयाचे ते संस्थांच्या सभागृहांपुढे आणि धर्मशाळांपुढे, आणि त्यांच्या किल्ल्या मध्यरात्री कोणाजवळ असतात हा प्रश्न विश्वस्तांनी एकदा सभेपुढे घेण्यासारखा आहे.

सहकारनगर आणि गोखलेनगरला गेलेली कुटुंबे तिथेच रुजली. पहिली काही वर्षे मात्र त्या नव्या वसाहतींत कापडाचे मोठे दुकान नव्हते. मुलीचे लग्न ठरले की ती मंडळी बस्ता बांधावयास लक्ष्मी रस्त्यावर येत, खरेदी झाली की जुन्या वाड्याच्या दिंडीतून आत डोकावत, आणि ज्या ओसरीवर १९६१ चा पावसाळा काढला होता तिच्यावर घटकाभर बसून, लग्नाची पत्रिका तिथेच देऊन जात.