लेहचा विमानतळ

हिमालयाच्या पलीकडे, सिंधु नदीच्या खोऱ्यांत, लेह नांवाचें एक जुनें व्यापारी नगर आहे. तेथील विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारें १०,७०० फूट उंचीवर आहे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, त्याच्या जवळजवळ दुप्पट ही उंची भरते. आज त्या तळावर प्रवाशांची सदा वर्दळ असते. परंतु हा तळ प्रवाशांच्या सोयीसाठीं निर्माण झालेला नाहीं. एक नगर शत्रूच्या हातीं जातें कीं राहतें, अशा निकराच्या प्रसंगीं तो जन्मास आला.

पूर्वीं श्रीनगराहून लेहला जावयाचें म्हणजे सुमारें अडीचशें मैलांची वाट पायीं किंवा तट्टावर बसून काटावी लागे. त्या वाटेवर झोजी-ला ही साडेअकरा हजार फुटांहून उंच अशी खिंड आहे. ‘ला’ या शब्दाचा अर्थच मुळीं खिंड असा आहे. हिंवाळ्यांत ती बर्फानें बुजून जाई, आणि वरून हिमाचे कडे कोसळत असल्यामुळें तीत पाऊल घालणें म्हणजे प्राणावर उदार होणें होय, असें समजलें जाई. खिंड मिटली म्हणजे लडाखचा काश्मीरशीं असलेला संबंधहि कित्येक महिने तुटे.

दिनांक २६ ऑक्टोबर १९४७ रोजीं महाराजा हरिसिंग यांनीं आपलें संस्थान हिंदुस्थानांत सामील केलें. दुसऱ्याच दिवशीं डाकोटा विमानांतून हिंदी सैन्य श्रीनगरास उतरलें व तें शहर वांचलें. परंतु तिकडे नोव्हेंबरांत गिलगिट हातचें गेलें, आणि तेथून सिंधूच्या खोऱ्यानें स्कार्दूच्या व पुढें लेहच्या रोखानें चढाई होण्याचें भय उत्पन्न झालें. लेहच्या रक्षणास त्या वेळीं संस्थानी फौजेचे मूठभर शिपाई काय ते होते. उन्हाळा येईपर्यंत थांबावें, तर साहाय्य पोंचण्यापूर्वींच शत्रु पोंचेल, अशी स्थिति होती.

अशा वेळीं एका लहानशा तुकडीनें भर हिंवाळ्यांत झोजी-ला ओलांडण्याचें काम अंगावर घेतलें. डोगरा पलटणीचे अधिकारी पृथीचंद व खुशालचंद हे तिचे नायक होते. दोघेहि मूळचे लाहूलचे, म्हणजे बर्फांतच वाढलेले. आणि त्यांच्याबरोबरचे शिपाईहि बहुतेक त्याच प्रांतांतले होते. १९४८ च्या फेब्रुवारींत ही मंडळी श्रीनगराहून निघाली व मार्चच्या आरंभीं लेहला पोंचली. स्थानिक तरुणांना सैनिकी शिक्षण देऊन त्यांची पथकें उभारावयाचीं, हें त्यांचें एक काम होतें. दुसरें काम त्यांच्यासमवेत आलेल्या एका लडाखी गृहस्थावर सोंपविलेलें होतें. त्यांचें नांव सोनम नोर्बु. ते स्थापत्यशास्त्र शिकलेले इंजिनियर होते, आणि विमान उतरूं शकेल अशी धांवपट्टी त्यांना तयार करावयाची होती.

या कामाची अडचण नीट ध्यानीं घेतली पाहिजे. लेहला तेव्हां मोटारीचा रस्ता नव्हता. अर्थात् जमीन सपाट करण्याचीं यंत्रें तेथें नेणें शक्यच नव्हतें. जें कांहीं करावयाचें तें कुदळ, फावडें आणि माणसांचे हात यांच्या बळावर. सिंधूकांठच्या दगडगोट्यांच्या माळरानावर लडाखी गांवकरी कामास लागले. दगड वेंचावे, खळगे बुजवावे, माती चोपून घट्ट करावी, असें करीत थोड्याच आठवड्यांत त्यांनीं पट्टी तयार केली. त्यांतील बहुतेकांनीं विमान कधीं जवळून पाहिलेलेंहि नव्हतें.

मे महिन्यांत कारगिल शत्रूनें घेतलें आणि श्रीनगर-लेह वाट पुरती तुटली. आतां ती पट्टी हाच एक आधार उरला. दिनांक २४ मे १९४८ रोजीं एअर कमोडोर मेहरसिंग यांनीं आपलें डाकोटा विमान हिमालयाच्या रांगांवरून नेऊन लेहला उतरविलें. त्यांच्याबरोबर सेनापति मेजर-जनरल थिमय्या हेहि होते. डाकोटांत उंचीवरील विरळ हवेपासून आंतील माणसांचें रक्षण करणारी व्यवस्था नसते. वाटेवरील शिखरें अशीं कीं, तें विमान त्याच्या शक्तीच्या जवळजवळ शेवटच्या मर्यादेपर्यंत चढवावें लागे. एखादें इंजिन थकलें असतें, तर खालीं उतरण्यास जागा नव्हती.

उतरणें जितकें अवघड, तितकेंच पुन्हां उडणेंहि. लेहच्या तळावरील हवेची घनता समुद्रसपाटीवरील हवेच्या तीन चतुर्थांशांहूनहि कमी असते. पंखांना उचलून धरणारी आणि इंजिनाला बळ देणारी हवाच अशी उणी पडल्यामुळें विमानाला अधिक वेगानें व अधिक लांब धांवावें लागतें. दुपारीं ऊन तापलें कीं हवा आणखी विरळ होते व खोऱ्यांतून जोराचे वारे सुटतात. म्हणून लेहचीं प्रवासी विमानें आजहि बहुधा सकाळींच ये-जा करतात.

या पहिल्या विमानामागून डाकोटा विमानें गुरखा सैनिक व दारूगोळा घेऊन येऊं लागलीं. लेह पडलें नाहीं. पुढें १ नोव्हेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्यानें रणगाडे चढवून झोजी-ला जिंकली, त्याच महिन्यांत कारगिल परत घेतलें, आणि लेहची वाट मोकळी झाली. मेहरसिंग व पृथीचंद या दोघांनाहि महावीरचक्र मिळालें. मेहरसिंग १९५२ सालीं विमान-अपघातांत निवर्तले. मोटारीचा रस्ता लेहला पोंचला तो १९६० नंतर. म्हणजे त्या नगरांत विमान आधीं आलें आणि मोटार मागून आली.

आज या विमानतळास कुशक बकुल रिंपोचे यांचें नांव आहे. ते तळाशेजारील टेकडीवरच्या स्पितुक मठाचे प्रमुख लामा होते. त्यांनीं लोकसभेंत लडाखचें प्रतिनिधित्व केलें व मंगोलियांत हिंदुस्थानचे राजदूत म्हणूनहि काम केलें. २००३ सालीं त्यांचें देहावसान झालें. ज्यांनीं ती पहिली पट्टी आपल्या हातांनीं घडविली, त्यांचें नांव मात्र या तळास नाहीं.

२०१० च्या ऑगस्टांत लेहवर ढगफुटी झाली, शेंकडों माणसें दगावलीं आणि धांवपट्टीवर चिखलदगडांचा थर सांचला. तो दूर केल्यावरच साहाय्याचीं विमानें उतरूं शकलीं. बासष्ट वर्षांपूर्वींचीच गोष्ट जणुं पुन्हां घडली. वैमानिकाचें धैर्य थोर खरेंच. परंतु आकाशांतून येणाऱ्या साहाय्यालाहि शेवटीं पाय टेकण्यास भूमि लागते, आणि ती भूमि आधीं कोणीतरी वांकून, एकेक दगड उचलून, मोकळी केलेली असावी लागते.